मिठाच्या पठारावर जाण्यापूर्वी

गेल्या महिन्यात एक दांपत्य माझ्या दवाखान्यात आले. गृहस्थ ७१ वर्षांचे, पत्नी ६६ वर्षांच्या. दोघेही माझे जुने रुग्ण. बसता बसता त्यांनी एक छापील कागद माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "डॉक्टर, एवढी सही आणि शिक्का द्या." तो तंदुरुस्तीचा दाखला होता. लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसानिमित्त परदेशस्थ मुलाने त्यांना दक्षिण अमेरिकेच्या सहलीची भेट दिली होती. दोघांचेही डोळे आनंदाने चमकत होते.

मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, जुने अहवाल चाळले. सारे ठीक होते. मग मी सहलीची कार्यक्रमपत्रिका मागितली. त्यांना नवल वाटले. डॉक्टरांनी प्रकृती पाहावी, कार्यक्रमपत्रिका कशाला? परंतु वाचकहो, या सहलीत रुग्णाच्या प्रकृतीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणत्या रात्री तो किती उंचीवर झोपणार आहे. ती कोणत्याही रक्ततपासणीत उमटत नाही. त्यांच्या पत्रिकेत लिहिले होते : सकाळी चिलीतील सान पेद्रो दे आताकामा येथून प्रस्थान, रात्रीचा मुक्काम बोलिव्हियात लागुना कोलोरादा या तळ्याकाठी. मी हातातील पेन खाली ठेवले.

कारण चार वर्षांपूर्वी त्याच तळ्याकाठी मी एक रात्र काढली आहे. किंबहुना अर्धीच रात्र. ती का, हे आज आपल्याला सांगायचे आहे. मुलांनी हौसेने दिलेल्या दूरच्या सहलींवर निघालेले अनेक वाचक आणि आईवडिलांना अशा सहलींवर धाडणारी त्यांची मुले, या दोघांसाठीही हे लिहीत आहे.

प्रदेश कसा आहे?

बोलिव्हियाच्या नैऋत्य कोपऱ्यात 'सालार दे उयुनी' हे जगातील सर्वांत मोठे मिठाचे पठार आहे. त्याचे क्षेत्रफळ १०,००० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. प्राचीन काळची विस्तीर्ण सरोवरे आटत गेली आणि मागे मिठाचा हा थर उरला. पृष्ठभाग इतका समतल की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या उंचीत जेमतेम एका मीटरचा फरक. म्हणूनच उपग्रहांवरील उंची मोजणारी यंत्रे पारखून घेण्यासाठी या पठाराचा उपयोग केला जातो. कोरड्या ऋतूत जमिनीवर षट्कोनी भेगांची रांगोळी उमटते. पावसाळ्यात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च या काळात, वीतभर पाणी साचते आणि आकाश पायाखाली येते. मधोमध इन्काहुआसी नावाचे खडकाळ बेट आहे. तेथे माणसाच्या कित्येक पट उंचीचे निवडुंग उभे आहेत. जन्मभर रुग्णांना 'मीठ कमी करा' असे सांगत आलेली मी त्या शुभ्र पसाऱ्याच्या मध्यभागी उभी राहून मनापासून हसले होते.

पठार ओलांडून दक्षिणेकडे गेले की उंच वाळवंट सुरू होते. वाऱ्याने कोरलेले खडक, बर्फाच्छादित ज्वालामुखी आणि रंगीत तळी. लागुना कोलोरादा हे तळे सूक्ष्म शैवालामुळे तांबडेलाल दिसते आणि त्यात रोहित पक्ष्यांच्या तीन जाती चरत असतात. पुढे 'सोल दे मान्याना' नावाचे वाफेचे व उकळत्या चिखलाचे क्षेत्र, मग गरम पाण्याचे कुंड, मग लिकांकाबूर ज्वालामुखीच्या पायथ्याचे हिरवे तळे आणि अखेर चिलीची सरहद्द. हा सारा प्रवास जीपगाड्यांतून, बहुधा तीन दिवसांत होतो.

आता उंचीचे आकडे पाहा. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. उयुनीचे मीठपठार सुमारे ३,६५० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. लागुना कोलोरादा सुमारे ४,२८० मीटर. सोल दे मान्याना ४,८०० मीटरच्याही वर. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य मुंबई-कोकणात समुद्रकाठी नाहीतर देशावर पाचसहाशे मीटर उंचीवर गेलेले असते.

विरळ हवा म्हणजे काय?

उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण घटते असा समज आहे. प्रमाण तेवढेच, म्हणजे सुमारे २१ टक्के राहते. घटतो तो हवेचा दाब. त्यामुळे उयुनीत प्रत्येक श्वासागणिक समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण दोनतृतीयांश ऑक्सिजन मिळतो आणि सोल दे मान्यानापाशी निम्म्याहून थोडासाच अधिक. शरीर यावर उपाय करते. श्वास खोल व जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील क्षाराम्लाचा तोल बदलतात. परंतु या जुळवाजुळवीला काही दिवस लागतात. तेवढा अवधी न देता आपण वर गेलो की डोके दुखते, मळमळते, भूक मरते, गळून गेल्यासारखे वाटते, झोप लागत नाही. हा विरळ हवेचा सौम्य आजार. तिथेच थांबल्यास बहुधा एकदोन दिवसांत तो ओसरतो.

त्याकडे दुर्लक्ष करून आणखी वर गेल्यास मात्र दोन जीवघेणे प्रकार संभवतात. एकात फुप्फुसांत पाणी भरते : बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर होतात. दुसऱ्यात मेंदूला सूज येते : चाल झोकांड्या खाते, बोलणे असंबद्ध होते, ग्लानी येते. दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. ऑक्सिजन व औषधे उतरेपर्यंत आधार देतात, एवढेच.

आणि आणखी एक गोष्ट, जी ज्येष्ठांनी विशेष लक्षात ठेवावी. वय वाढले म्हणून हा आजार अधिक होतो असे नाही. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याला तो होत नाही, असेही नाही. घरी बसून केलेली कोणतीही तपासणी तो कोणाला होईल हे खात्रीने सांगू शकत नाही. पूर्वी उंचावर गेला असाल तर तेव्हाचा अनुभव हाच त्यातल्या त्यात भरवशाचा संकेत.

आमची सहल

आम्ही चौदाजण होतो, सारे मराठी, बहुतेक साठीच्या पुढचे. आमचे विमान थेट बोलिव्हियातील एल आल्तो येथे उतरले. हा विमानतळच ४,००० मीटरच्या वर आहे. एक रात्र ला पाझ शहरात, दुसरी उयुनीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जीपगाड्या तयार. दिवस कमी, स्थळे अधिक; अशाच पत्रिकेला गिऱ्हाईक मिळते. मी डॉक्टर असूनही निघण्यापूर्वी त्या पत्रिकेकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिले नव्हते, हे आधीच कबूल करते.

उयुनीतील त्या सकाळी माझे डोके ठणकत होते. मी एक गोळी घेतली आणि गप्प राहिले. डॉक्टरीणबाईच आजारी पडल्या, असे हसू नको म्हणून.

न्याहारीच्या टेबलाशी आमच्यातील एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. वय ७०. आम्ही त्यांना 'बाई' म्हणत असू. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला रात्रभर डोकेदुखी होती. पहाटे उलटीही झाली. मी आज पुढे येत नाही."

टेबलावर शांतता पसरली. सहलप्रमुख समजावू लागला : एक गोळी घ्या, दुपारपर्यंत बरे वाटेल, पैसे परत मिळणार नाहीत, मागाहून गाठता येणार नाही. बाईंसोबत त्यांची लेक होती. तिने दोन वर्षे पैसे साठवून आईला आणले होते. तिचे डोळे भरून आले. "आई, एवढ्या लांब येऊन…" एवढेच ती म्हणाली. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहून विचारले, "डॉक्टर, मी चुकतेय का?"

मी म्हणाले, "नाही बाई. तुम्ही बरोबर आहात." माझ्या स्वतःच्या डोकेदुखीविषयी मात्र तेव्हाही बोलले नाही.

बाई आणि लेक मागे राहिल्या. आम्ही बाराजण निघालो. तो दिवस अपूर्व होता. मिठाच्या विटांनी बांधलेल्या, पठाराकाठच्या निवाऱ्यात रात्री क्विनोआचे गरम सूप मिळाले. हे धान्य आपल्या चाकवताच्या कुळातले. माझे डोके एव्हाना उतरले होते. आमच्यातले एक काका, वय ६६, गटात सर्वांत काटक, त्यांनी सूप अर्धे ठेवले. माझ्या ते लक्षात आले, पण मी विचारले नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही लागुना कोलोरादाला पोहोचलो. बाहेर पाणी गोठत होते. साडेदहाच्या सुमारास काकूंनी माझे दार ठोठावले. "डॉक्टर, यांना आडवे झोपता येत नाही."

काका पलंगावर ताठ बसून धापा टाकत होते. मध्येच कोरडा खोकला. बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावले. माझे प्रमाण ८४ होते. त्या उंचीवर असे असू शकते. काकांचे ६६ भरले. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर उजव्या बाजूला बुडबुडण्याचा आवाज. मी विचारले, "काका, त्रास कधीपासून?" उत्तर काकूंनी दिले : उयुनीपासूनच. डोके दुखत होते, ते चहाबरोबर गुपचूप गोळ्या घेत होते. काका धापांतून म्हणाले, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको."

तेव्हा त्या प्रदेशाच्या नकाशाचा अर्थ मला खऱ्या अर्थाने कळला. पुढे सान पेद्रो फक्त २,४०० मीटरवर, पण तिकडे जाण्यासाठी आधी ४,८०० मीटरची चढण पार करावी लागते, आणि सरहद्द रात्री बंद. म्हणजे त्या तळ्याकाठून पुढच्या बाजूने खाली उतरायचे तर आधी वर चढावे लागते. उरली ती आलेली वाट, उत्तरेकडे, रात्रभराची. तीन गाड्यांत मिळून ऑक्सिजनचा सिलिंडर एकच. आमच्या स्थानिक चालकाला कोणी भाषांतर करून सांगावे लागले नाही. त्याने काकांच्या ओठांकडे पाहिले आणि गाडी सुरू करायला गेला.

काका, काकू आणि मी निघालो. वाटेत सिलिंडर संपला. तोवर रस्ता ४,००० मीटरच्या खाली आला होता आणि काकांचा श्वास किंचित सैल झाला होता. त्या दोन तासांत मी दर पाच मिनिटांनी त्यांचे बोट हातात घेऊन आकडा पाहत होते. त्याहून अधिक करण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. उजाडताना आम्ही उयुनीच्या रुग्णालयात पोहोचलो. दोन दिवस ऑक्सिजन आणि औषधे, त्यानंतर आणखी खालच्या गावी विश्रांती. काका बरे झाले.

त्या सकाळी रुग्णालयात आम्हांला भेटायला कोण आले असेल? बाई. मागे राहिल्यावर एका दिवसाच्या विश्रांतीने त्यांना बरे वाटले, दुसऱ्या दिवशी मायलेकी उयुनीहून दिवसभरासाठी मीठपठार पाहून आल्या आणि त्या दिवशी खाली सुक्रेला निघणार होत्या. त्यांच्या हातात थर्मास होता. काकांच्या उशाशी बसून त्या एवढेच म्हणाल्या, "काही खाल्लेत का?"

खोळंबा टाळण्यासाठी गप्प राहिलेल्या काकांची सहल तिथेच संपली, काकूंची संपली, माझीही. सोल दे मान्याना मी आजतागायत पाहिलेले नाही. आणि 'मी येत नाही' म्हणणाऱ्या बाईंनी जे पाहण्यासाठी आल्या होत्या, ते पाहिले.

पत्रिका कशी वाचावी?

आता त्या दांपत्याच्या कागदाकडे परत येऊ. मी पेन खाली का ठेवले? सान पेद्रोहून निघून पहिलीच रात्र तळ्याकाठी म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची सुमारे १,९०० मीटरने वाढणार. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य संकेत असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. दिवसा थोडे अधिक उंच जाऊन आले तरी चालते. हिशेब झोपण्याच्या जागेचा.

हीच सहल उलट दिशेने केली तर? आधी २,८०० मीटरवरील सुक्रे येथे दोन-तीन रात्री, मग उयुनीत दोन रात्री, मग पठाराकाठी एक, त्यानंतर तळ्याच्या परिसरात शक्य तितक्या खालच्या वस्तीत एकच रात्र आणि दुसऱ्या दिवशी सान पेद्रोला उतरण. तीच स्थळे, तीच छायाचित्रे. पण शरीराला पायऱ्या मिळतात आणि सर्वांत उंच रात्रीनंतर लगेच उतार लागतो.

हे गणित बोलिव्हियापुरते नाही. आपल्याकडील असंख्य ज्येष्ठ दरवर्षी लडाखला जातात. तेही उंच वाळवंटच, आणि तिथेही त्सो कारसारखे खारे सरोवर आहे. विमानाने आपण थेट सुमारे ३,५०० मीटरवरील लेहला उतरतो आणि दुसऱ्याच दिवशी पँगाँगला निघण्याची घाई करतो. नियम तोच.

निघण्यापूर्वी

आपल्या डॉक्टरांकडे किमान सहा आठवडे आधी जा. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल वा अँजिओप्लास्टी झालेली असेल, छातीत कळ येत असेल, दमा किंवा फुप्फुसाचा जुनाट विकार असेल, हिमोग्लोबिन फार कमी असेल, झोपेत श्वास अडत असेल, तर तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याविना निघू नका. विदर्भ आणि नंदुरबारकडील वाचकांसाठी मुद्दाम सांगते : घराण्यात सिकलसेल असेल तर आधी तपासणी करून घ्या. या विकारात विरळ हवा धोकादायक ठरू शकते.

प्रतिबंधासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध उपयुक्त आहे. साधारणतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. परंतु ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार, लघवीची गोळी किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा. या औषधाने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी गोठवणाऱ्या रात्री खोलीपासून शौचालय किती दूर आहे, हेही आधी विचारून घ्यावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

बोलिव्हियातून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र असावे लागते. नसल्यास विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होते. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा अधिक असते, म्हणून हा निर्णय डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच घ्यावा. तिकिटे काढण्यापूर्वी हे बोलणे झाले तर उत्तम.

तिथे असताना

पहिले दोन दिवस हळू चाला, हलके जेवा, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा. पाणी तहानेपुरते पीत राहा. गळ्याशी येईल इतके पिण्याने आजार टळत नाही. रात्री झोपेत काही क्षण श्वास थांबून पुन्हा जोराने सुरू होणे या उंचीवर निरोगी माणसातही आढळते. जोडीदाराने घाबरू नये, पण सकाळी कसे वाटते ते विचारावे. कोकाच्या पानांचा चहा तिथली जुनी परंपरा आहे. चव म्हणून अवश्य घ्या, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नका, आणि पाने भारतात आणू नका. ते बेकायदा आहे.

उंचीनुसार अतिनील किरणे वाढत जातात, दर १,००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी. त्यात खालचे पांढरे मीठ ती वर परतवते. म्हणून हनुवटीखाली, नाकाखाली आणि ओठांवरही संरक्षक मलम लावा. बाजूंनी झाकणारा गडद चष्मा क्षणभरही काढू नका. डोळे भाजल्याचे दुखणे सहा-बारा तासांनी, मध्यरात्री उठते.

मधुमेहींनी इन्सुलिन सामानात न ठेवता कपड्यांच्या आत, अंगालगत बाळगावे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. साखर मोजण्याचे यंत्रही थंडीत चुकू शकते, तेही उबेत ठेवावे. मिठाच्या थराच्या कडा धारदार असतात. बंद बूट घाला आणि रोज रात्री तळपाय पाहा. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून वाढवू वा थांबवू नका. गरम पाण्याच्या कुंडात फार वेळ बसू नका, उठताना भोवळ येते.

आणि मुलांनो, आईवडिलांना सहल भेट देताना त्याबरोबर एक परवानगीही द्या. फोनवर सांगा, "बरे वाटले नाही तर थांबा. पैशांचा विचार करू नका." ही परवानगी तुमच्या तोंडून आली तरच त्यांना ती खरी वाटते. काकांना ती कोणीच दिली नव्हती, त्यांच्या डॉक्टर सहप्रवासिनीनेही नाही.

त्या दांपत्याला मी त्या दिवशी दाखला दिला नाही. पत्रिका घेऊन परत पाठवले. आठ दिवसांनी मुलाचा फोन आला, थोडा नाराज होता. मी त्याला उंचीचे आकडे सांगितले आणि त्याने ते लिहून घेतले. मागच्या सोमवारी दोघे पुन्हा आले. सहल आता उलट दिशेने आहे, सुक्रेला तीन रात्री आहेत, चार दिवस आणि थोडे पैसे अधिक लागणार आहेत. लशीविषयी आम्ही अर्धा तास बोललो. मग मी सही केली.

शिक्का मारताना गृहस्थांनी विचारले, "डॉक्टर, एवढे करूनही तिथे त्रास झालाच तर?"

मी म्हणाले, "तर त्याच क्षणी मोठ्याने म्हणा, मला बरे वाटत नाही. आणि वर जाऊ नका."

पत्नी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "हे बोलणार नाहीत. मीच बोलेन."

त्यांना मी सांगितले की ते उत्तम आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या डोकेदुखीविषयी कोण बोलणार, तेही आजच ठरवून जा.